नफीसाची अपुरी पाकोळी

नफीसा, काल तुझी तिसऱ्या दिवसाची जियारत झाली. मी दुपारी आले तेव्हा पुढच्या खोलीत बायका बसल्या होत्या. कुणी कुराणाचा सिपारा वाचत होतं, कुणी नुसतंच भिंतीला टेकून होतं. मला तिथं कुणी ओळखत नव्हतं. दाराजवळ जागा बघून बसले आणि त्यांचं हळू आवाजातलं बोलणं ऐकत राहिले. जी ती आपल्या लग्नाचं सांगत होती. ‘मेरी शादी का वीडियो इन्नेच निकाली थी.’ ‘मेरी दोनों बेटियों का बी.’ तुझ्या माहितीपटाचं नाव कुणाच्या तोंडी आलं नाही. शेजारच्या म्हातारीनं मला विचारलं, ‘आप उनकी कौन होती?’

मी म्हणाले, ‘आम्ही बरोबर काम करायचो.’

‘शादियों का?’

‘नाही. चित्रकथांवर एक मालिका करत होतो.’

‘अच्छा,’ ती म्हणाली आणि खजुराची ताटली माझ्याकडे सरकवली. पुढं तिनं काही विचारलं नाही. काय विचारणार?

निघताना तुझ्या बहिणीनं, रुख्सानानं, मला मागच्या खोलीत नेलं. तुझा कॉम्प्युटर, त्यावर तुझी ओढणी टाकलेली. खाली बुटाच्या खोक्यात हार्ड डिस्का. ‘मॅडम, इस मशीन का क्या करना?’ ती म्हणाली. ‘बच्चे की शादी करनी है, ये कमरा उसको लगता.’ मी म्हणाले, थोडे दिवस राहू दे. थोड्या दिवसांनी काय होणार आहे, हे तिनं विचारलं नाही, ही तिची भलमनसाई. मला स्वतःला माहीत नव्हतं.

तुला सांगण्यासारखं काही घडलं की मी फोन उचलायचे. तुझ्या जियारतीचं कुणाला सांगू? म्हणून हे लिहायला बसले.

आपली गाठ पडली ती भांडणानंच. माझ्या भाचीचं लग्न होतं, उस्मानपुऱ्यातल्या एका कार्यालयात. वऱ्हाड यायला उशीर झाला होता आणि पोरं कार्यालय डोक्यावर घेत होती. त्यांना गप्प बसवायला मी सायकलवाल्या चंदाची एक गोष्ट सांगायला घेतली. माझ्या लहानपणची चित्रकथा, ‘पाकोळी’ नावाच्या प्रकाशनाची. मी सांगत होते, चंदा सायकलवरून उतरली, तिच्या डाव्या गालावरचा तीळ चोरानं लांबूनच ओळखला. एवढ्यात मागून आवाज आला, ‘उजव्या. तीळ उजव्या गालावर आहे.’

वळून पाहिलं, तर खांद्यावर कॅमेरा घेतलेली एक बाई खुर्चीवर बसून बॅटरी बदलत होती. मी म्हणाले, मी ही पुस्तकं पाठ केलीत, तीळ डावीकडं आहे. तू म्हणालीस, ‘बाजी, माझ्या अब्बांनी त्या पुस्तकात हातानं लिहिलंय. तीळ कुठं आहे ते मला नक्को सांगू.’ वऱ्हाड आलं म्हणून ते तेवढ्यावर राहिलं.

पुढच्या आठवड्यात तू पत्ता काढत सिडकोतल्या माझ्या घरी आलीस. पिशवीत तुझं उर्दू पुस्तक. माझं मराठी मी माळ्यावरून काढलं. दोन्ही पानं शेजारी ठेवली आणि दोघी बघतच राहिलो. उर्दू उजवीकडून डावीकडं वाचतात, म्हणून उर्दू आवृत्तीत प्रत्येक चित्र आरशात दिसावं तसं उलटं करून छापलेलं होतं. माझी चंदा उजव्या हातानं घंटी वाजवायची, तुझी डाव्या. माझी देवगिरीचा किल्ला चढत होती ती डावीकडून उजवीकडं, तुझी उजवीकडून डावीकडं. चित्रातल्या माणसांच्या तोंडचे शब्द ज्या फुग्यांत लिहितात, ते फुगे तेवढे अब्बांनी नव्यानं भरले होते. बारीक, गोलाईदार, एकही अक्षर फुग्याबाहेर नाही. तू त्यांवरून बोट फिरवलंस, पण कागदाला लावलं नाहीस.

‘म्हणजे आपण दोघीही बरोबर,’ मी म्हणाले.

‘और दोनों गलत,’ तू म्हणालीस. ‘अस्सल चंदा कुठली, ते काढणाऱ्याला विचारावं लागेल.’

तिथं ती मालिका सुरू झाली. तुझी कल्पना ऐकून मी हसले होते, हे तुला आठवत असेल. तू लग्नातल्या बायकांच्या बाजूचं चित्रीकरण करणारी. पुरुष कॅमेरावाल्याला आत घेत नाहीत तिथं तुला बोलावणं यायचं, त्यावर तुझं घर चाललेलं. मी कॉलेजात मराठी शिकवून निवृत्त झालेली. आणि आपण एका बंद पडलेल्या प्रकाशनाचा इतिहास पाच भागांत सांगणार. पण तुला सगळं आधीच दिसत होतं. पहिला भाग दामूअण्णांचा, ज्यांनी औरंगपुऱ्यातल्या दोन खोल्यांत ‘पाकोळी’ काढली आणि मराठवाड्यातल्या एकेका एसटी स्टँडवर ती पुस्तकं स्वतः नेऊन टांगली. दुसरा चंदाचा. तिसरा उर्दू आवृत्तीचा, म्हणजे अब्बांचा. चौथा चित्रकाराचा. पाचवा, ती बंद का पडली याचा. ‘निवेदन तू करायचं, बाजी. तुझ्या आवाजात शिकवलेलं ऐकू येत नाही, सांगितलेलं ऐकू येतं.’

माझे यजमान जाऊन तेव्हा फार दिवस झाले नव्हते. मी दुपारी पडदे ओढून बसायचे. तू यायचीस, पडदा सारायचीस आणि म्हणायचीस, ‘चल, जालन्याला एक कंडक्टर आहे, त्याच्याकडं वीस पुस्तकं आहेत.’ मी कशी आहे हे तू एकदाही विचारलं नाहीस. कॅमेऱ्याची तिपाई माझ्या हातात द्यायचीस. नफीसा, तेव्हा मी तुझे आभार मानायला हवे होते. पण तिपाई जड आहे म्हणून मी कुरकुरत राहिले, आणि तुलाही तेच बरं वाटत असावं.

तुझं काम बघताना मी पुष्कळदा वैतागायचे. तू माणसाला प्रश्न विचारायचीस आणि गप्प बसायचीस. तो अडखळला तरी गप्प, त्याच्या डोळ्यात पाणी आलं तरी गप्प. मी मध्ये पडून वाक्य पुरवायला जायचे, तर हात वर करायचीस. परतताना समजवायचीस, ‘दुल्हन रोती तो मैं रुक जाती. बोलायचं नाही. थोड्या वेळानं ती आपणहून वर बघते. वोच शॉट रहता.’ तो जालन्याचा कंडक्टर अशा एका गप्प बसण्यानंतर म्हणाला होता, की कंडक्टर व्हायच्या आधी, डेपोत हमाल असताना, ड्यूटी संपल्यावर बाकावर बसून मी चंदा वाचत वाचत अक्षरओळख करून घेतली, बायकोला सांगायची लाज वाटत होती. ते त्याच्या बायकोनंही तेव्हाच पहिल्यांदा ऐकलं. ती चहाचा ट्रे धरून उभी होती आणि तो खाली ठेवायचं विसरली.

शहराच्या नावावरून आपण किती दिवस घालवले. निवेदनात काय म्हणायचं? तू जुनं नाव घ्यायचीस, मी कागदोपत्री नवं लिहायचे, आणि दोघींनाही आपापलं सोडवत नव्हतं. शेवटी तूच म्हणालीस, ‘आपलं शहर’ म्हण. चारही भागांत मी ‘आपलं शहर’ म्हटलंय. कुणाच्या लक्षातसुद्धा येणार नाही इतकं ते सहज बसलंय.

घाव आला तो विनायकरावांकडून. त्यांना घाव घालायचा नव्हता. दामूअण्णांचा हा मुलगा पुण्यात राहतो, पहिल्या भेटीत त्यानं आपल्याला जेवू घातलं, वडिलांची पुस्तकं भरलेली पेटी उघडून दिली, ‘हवं ते घ्या, कुणीतरी विचारतंय हेच खूप,’ म्हणाला. आपण भाबडेपणानं त्याच्याकडून काहीच लिहून घेतलं नाही. तीन भाग पुरे झाले, चौथ्याचं काम चालू होतं, आणि एका कंपनीचा ई-मेल आला. ‘पाकोळी’चे सगळे हक्क आता त्यांच्याकडं. चंदाचं कार्टून निघणार होतं. तोवर मालिकेत एकही पान, एकही चित्र दाखवायचं नाही.

आपण दोघी पुण्याला गेलो. विनायकरावांनी या वेळीही चहा केला, पण समोर बसताना नजर टिपॉयवर.

‘ताई, माझ्या हातात आता काही राहिलं नाही,’ ते म्हणाले. ‘मला वाटलं होतं, तुमचं चालू राहील. सही करताना वकिलानं सांगितलं, सगळंच जातं.’

‘तुम्ही एकदा बोलून बघा त्यांच्याशी,’ मी म्हणाले.

‘बोललो. ते म्हणाले, त्यांची चंदा वेगळी असणार आहे. जुनी लोकांच्या डोळ्यांपुढं आली तर गोंधळ होईल.’

मग तू विचारलंस, ‘भाईसाब, अब्बांची अक्षरं? चित्र नको. फुग्यात जे लिहिलंय तेवढंच दाखवलं तर?’

त्यांनी तिथंच फोन लावला, बिचाऱ्यांनी. पलीकडचं ऐकत मान हलवत राहिले. ठेवल्यावर म्हणाले, ‘अक्षरंही पानाचाच भाग धरतात.’

परतीच्या वाटेवर गाडीत तू खिडकीकडं बघत होतीस. नगर मागं पडल्यावर म्हणालीस, ‘अब्बांना दस्तखत करायची सवयच नव्हती, बाजी. ते म्हणायचे, जे लिहिलं तीच माझी दस्तखत.’

त्यानंतरची बिडकीनची भेट. तिच्यावरून आपण वर्षभर भांडलो.

सोनवणे सर. चंदा ज्यांच्या हातून उतरली ते. आयुष्यभर झेडपीच्या शाळेत चित्रकला शिकवली आणि संध्याकाळी ‘पाकोळी’साठी चित्रं काढली. पहिल्यांदा गेलो तेव्हा किती खुलले होते. चंदाचा चेहरा कुठून आला म्हणून विचारलं, तर म्हणाले, वेरूळच्या लेण्यांत भिंतीवर एक चवरी ढाळणारी बाई आहे, तिच्यावरनं. फक्त तिला सायकल दिली. अस्सल तीळ कुठल्या गालावर, हेही आपण विचारलं. सर हसले. ‘तीळ मी काढलाच नव्हता. छापताना शाईचा ठिपका पडला. पोरान्ला आवडला, मग राहू दिला.’ तू खुर्चीवरून पडायची बाकी होतीस.

आणि ही दुसरी भेट. त्यांची चित्रं आता दाखवता येत नाहीत, हे त्यांना सांगायचं होतं. घरासमोर कारखान्यांसाठी आखलेले रुंद, मोकळे रस्ते. सर ओट्यावर वाट बघत होते. सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाले, ‘मग त्यात काय, मी नवी काढतो. तुम्ही कॅमेरा लावा.’ सुनेनं पाट आणला, कागद आणला. तू कॅमेरा लावलास. मला वाटलं, सुटलो. यापेक्षा चांगला शेवट मिळायचा नाही. सरांनी सायकलचं हँडल काढलं, एक चाक काढलं. तेवढ्यात तू म्हणालीस, ‘सर, थांबा. हेही दाखवता येत नाही. नवं काढलं तरी चंदा त्यांचीच.’

त्यांना आधी कळलंच नाही. मी पुन्हा समजावून सांगितलं.

‘म्हंजे माझ्या हातची पोरगी मीच काढायची नाय व्हय?’

सरांनी पेन्सिल पाटावर ठेवली. घरंगळू नये म्हणून तिच्यावर बोट धरून बसले. तोंड फिरवलं. आणि तू कॅमेरा बंद केलास. बटणाचा आवाज मी ऐकला.

रस्ताभर मी तुझ्यावर तोंड सोडलं होतं. ती तुझी मालिका होती, नफीसा. ती सगळी, पाचही भाग, त्या एका मिनिटात होती. चंदाचं चित्र दाखवता येत नाही ना, मग चंदा काढता न येणारा माणूस दाखव. हे दाखवायला कुणाच्या बापाची परवानगी लागत नव्हती. तू म्हणालीस, ‘मी मैयतीत कॅमेरा चालवत नाही.’ मी म्हणाले, लग्नात रडणारी नवरी चालते, मग हे का नाही? तू म्हणालीस, ‘नवरीनं मला बोलावलेलं असतं.’ मी म्हणाले, त्यांनीही बोलावलं होतं. त्यावर तू गप्प. तुझी ती गप्प बसायची रीत मलाही लागू केलीस, आणि मी काही वर बघितलं नाही, बोलतच राहिले.

मग तू ते काम सुरू केलंस, जे मला बघवत नव्हतं. झालेले भाग पुन्हा उघडायचे आणि प्रत्येक चित्र पुसायचं. पुसायचं म्हणजे धुरकट करायचं. कंडक्टर हातात पुस्तक धरून बोलतोय, पुस्तकाच्या जागी करडा ढग. सोनवणे सरांच्या मागं भिंतीवर फ्रेम होती, ती पुसली. तिसऱ्या भागात अब्बांचं पान होतं, कॅमेरा अक्षरांवरून हळूहळू सरकायचा. तो सगळा तुकडा तू कापलास आणि त्या जागी रिकामी भिंत लावलीस. मी म्हणाले, मी तोंडानं वर्णन करते. ‘चित्रकथा तोंडानं सांगणार, बाजी?’ तू विचारलंस. तरी मी लिहिलं, तू माझा आवाज घेतलास, आणि दोघींनी ऐकून पाहिलं. रेडिओवर नकाशा शिकवावा तसं वाटत होतं.

तेव्हा तुझं दुखणं सुरू झालेलं होतं. तू सांगितलं नव्हतंस. पाठ दुखते म्हणायचीस, खुर्चीला दोष द्यायचीस. मी तुला नवी गादी आणून दिली.

कॉलेजच्या हॉलमध्ये आपण दोन भाग दाखवले, कुणीतरी घेईल, कुठंतरी लावेल या आशेनं. माझ्या जुन्या सहकाऱ्यांनी भिडेखातर हजेरी लावली. पडद्यावर माणसं करड्या ढगाकडं बोट दाखवून ‘ही बघा’ म्हणत होती, आणि लोक खुर्चीत चुळबुळत होते. संपल्यावर टाळ्या झाल्या. माध्यमशास्त्राचा एक तरुण प्राध्यापक उत्साहानं पुढं आला. ‘मॅडम, त्या ब्लरपेक्षा एआयवर नवीन मुलगी करून टाका ना. सायकलवाली. पाच मिनिटांचं काम आहे. कोणाला फरक कळणार?’

मी काहीतरी कडवट बोलणार होते. तू मला कोपरानं थांबवलंस आणि वायर गुंडाळत राहिलीस. रिक्षात म्हणालीस, ‘उसने बुरा नहीं बोला, बाजी. क्या गया, ये उसको पता ही नहीं. आणि ते आपण त्याला दाखवू शकत नाही.’

त्याच आठवड्यात तू ॲडमिट झालीस.

शेवटच्या भेटीत मी पाचव्या भागाचं निवेदन घेऊन आले होते. दुसरं काही बोलायचं ठरवून आले होते, पण निवेदनाचे कागद हातात होते, तेच सोपं वाटलं. तू डोळे मिटून ऐकत होतीस. मी वाचलं, ‘आणि मग पाकोळी बंद पडली.’ तू डोळे उघडलेस.

‘संपली म्हण.’

‘संपली कशी? माणसं संपतात. प्रकाशनसंस्था बंद पडते.’

बोलून गेले आणि माझं मलाच कापल्यासारखं झालं. तू मात्र हसलीस, सलाइनचा हात अंथरुणावर तसाच ठेवून. ‘मग बरोबर आहे ना,’ म्हणालीस. ‘दामूअण्णा संपले, अब्बा संपले. पाकोळी म्हणजे अजून कोण होतं?’

मी शब्द बदलला नाही. उद्या बघू, म्हणाले. खरं तर मला वाद उद्यापर्यंत लांबवायचा होता. वाद शिल्लक आहे तोवर तू उठून बसशील, असं काहीतरी माझ्या डोक्यात होतं. दुसऱ्या दिवशी दुपारी रुख्सानाचा फोन आला.

आज सकाळी मी बिडकीनला गेले. सरांना कुणी कळवलं नसणार, हे काल तुझ्या घरून निघतानाच लक्षात आलं होतं. ओट्यावरच होते. आणखी वाळलेत. डोळ्यांवर आता पडदा आलाय, मला आवाजावरून ओळखलं.

‘या, बसा. लई दिसानं. ती कुठंय?’

‘सर, नफीसा गेली. परवाच्या आदल्या दिवशी.’

‘कुठं गेली?’ त्यांनी विचारलं, आणि विचारतानाच त्यांना कळलं. गुडघे चोळत बसले. मग म्हणाले, ‘म्हंजे ते आता दाखवनार नाय.’

‘नाही सर. होईल असं वाटत नाही.’

‘बरं,’ ते म्हणाले. त्यात तक्रार नव्हती. एवढ्या वर्षांत त्यांनी कुणाकडं तक्रार केलीच नसावी. सुनेनं चहा आणला. बोलायचं म्हणून मी त्या दुसऱ्या भेटीचा विषय काढला. म्हणाले, सर, त्या दिवशी तिनं कॅमेरा बंद केला, त्यावरून मी तिला फार बोलले.

‘तिनं सांगितलं नाय तुमाला?’

‘काय?’

‘पैल्यांदा आल्ता तवाच मी तिला म्हणलो व्हतो. तुम्ही सुनंसंगं शेळ्या बघाया गेल्ता. म्हणलो, पोरी, मी म्हातारा माणूस, बोलता बोलता रडंल. ते जगाला दाखवू नगंस. आमी कुणापुढं रडलो नाय. जवा रडायला पाहिजे व्हतं तवा बी नाय.’ सरांनी कप खाली ठेवला. ‘ती म्हणली, जबान देती. अन् हे बी कुणाला सांगत नाय.’

वर्षभर, नफीसा. एक वाक्य बोलली असतीस तर मी गप्प झाले असते. तुला मूर्ख म्हटलं, भित्री म्हटलं, तुला सिनेमा कळत नाही असंही म्हटलं. तू खिडकीबाहेर बघत राहिलीस. मी ते दृश्य गमावल्याचं दुःख करत होते, आणि तू एका म्हाताऱ्याला दिलेला शब्द माझ्यापासूनसुद्धा सांभाळत होतीस. आता तुला सांगते, तू बरोबर होतीस. तुझ्या बरोबर असण्यानं मालिका गेली, हेही खरंच आहे. दोन्ही मला एकदमच कळतंय आणि दोन्हींचं काय करावं ते कळत नाही.

मी ती मालिका पुरी करणार नाही. मला ती मशीन चालवता येत नाही, हे कारण नाही; कुणीतरी मिळेल. पण चित्रांच्या जागी ढग, अक्षरांच्या जागी भिंत, आणि आता तूही नाहीस. त्यात पुरं करण्यासारखं काय उरलंय? डिस्कांचं खोकं मी घरी आणीन. माझ्यामागं ते कुणीतरी टाकून देईल. एवढंच होणार आहे, आणि तुझ्याशी खोटं बोलायची आपली रीत नाही.

मी उठले, तेव्हा सर म्हणाले, ‘जरा थांबा. तिचं तोंड कसं व्हतं वो?’

मला वाटलं, ऐकण्यात चूक झाली.

‘मला लांबचं दिसंना झालंय कवाचं. ती कायम कॅमेऱ्यामागं. कपाळ तेवढं दिसायचं.’ त्यांनी सुनेला हाक मारली, पाट मागितला. ‘तुम्ही सांगा, मी काढतो. हिला काढायला तर कुणाची परवानगी लागत नाय ना?’

मी फोन उघडला. तुझा एकही फोटो नव्हता. कंडक्टर होता, विनायकराव होते, सर होते, सगळीकडं मी होते, तिपाईजवळ तोंड वाकडं करून उभी. काढणारी तू.

मग तोंडानं सांगू लागले. चेहरा गोल, म्हणाले. पेन्सिल फिरली. नाही, फार गोल नाही, हनुवटी निमुळती. त्यांनी खोडलं. डोळे? डोळे मोठे. सगळ्यांचेच मोठे असतात, ते म्हणाले, कसे ते सांगा. मला सांगता येईना. इतकी वर्षं मुलांना व्यक्तिचित्रण शिकवलं, आणि तुझं नाक सरळ होतं की थोडं बसकं, हे मला आठवेना. ओढणी कशी घ्यायचीस ते सांगितलं, भुवया सांगितल्या, हसताना एक गाल आधी वर जायचा ते सांगितलं. सर कागदाला नाक लावून काढत होते. हात थरथरत होता, पण रेघ उमटली की थरथर दिसत नव्हती.

कागद त्यांनी माझ्याकडं फिरवला. ‘अशी?’

‘नाही सर.’

‘नाय?’

‘नाही.’

त्यांना राग आला नाही. दुसरा कागद घेतला. मी पुन्हा पहिल्यापासून सांगितलं, सावकाश, थांबत थांबत. सून, नातवंडं, सगळी ओट्यावर येऊन बघत उभी राहिली. ऊन पायरीवर आलं. सरांनी पेन्सिल ठेवली आणि कागद पुन्हा फिरवला.

कागदावर एक बाई होती. ओढणी घेतलेली, शांत, भली वाटणारी. तिला आम्ही दोघंही कधी भेटलो नव्हतो.